जायला दहा तास, यायला नऊच!

दोस्तांनो, एक गंमत सांगू? पण आधी कागद-पेन्सिल घ्या. थोडा हिशोब आहे. घाबरू नका, चौथीतला भागाकार पुरेल!

मुंबई ते लंडन. विमानाने. अंतर किती? सुमारे 7,200 किलोमीटर.

आता लंडन ते मुंबई. अंतर किती?

आँ! हा काय प्रश्न झाला? तेवढंच की! पाटणहून कराड जितकं लांब, तितकंच कराडहून पाटण लांब.

शाब्बास. आता वेळ बघू. मुंबईहून लंडनला जायला साधारण साडेनऊ ते दहा तास लागतात. आणि यायला? साडेआठ ते नऊ!

विमान तसंच. अंतर तेवढंच. मग एक अख्खा तास गेला कुठे? कुणी खाल्ला?

चला, शोधूया.

पण थांबा. हे 7,200 किलोमीटर मोजले कुणी आणि कसे? आकाशात काही मैलाचे दगड रोवलेले नाहीत!

त्यासाठी आधी आपल्या पाटणला येऊ. इथून चिपळूणला जायचं म्हणजे कोयनानगर, हेळवाक आणि मग कुंभार्ली घाट. वळणावर वळण, वळणावर वळण! कुणाच्या तरी पोटात ढवळतंच. रस्त्याने हे अंतर साठ किलोमीटरच्या घरात आहे. आणि पाटणचा एखादा कावळा सरळ उडत चिपळूणला गेला तर? त्याला साधारण पंचेचाळीस किलोमीटरच पडतील. त्याला ना घाट, ना वळण, ना उलटी!

विमानाचं अंतर मोजतात ते या कावळ्याच्या हिशोबाने. एका विमानतळापासून दुसऱ्या विमानतळापर्यंत, सरळ.

सोपं आहे ना? मग नकाशावर पट्टी ठेवा आणि मुंबईपासून लंडनपर्यंत रेघ ओढा. ही झाली सरळ वाट!

चूक!

काय? पट्टीने ओढलेली रेघ सरळ नाही? नाही बरं का. कारण पृथ्वी गोल आहे आणि नकाशा सपाट. शाळेतला पृथ्वीगोल मागून घ्या. एक दोरा घ्या. एक टोक मुंबईवर दाबून धरा, दुसरं लंडनवर. आता दोरा घट्ट ताणा. बघा, बघा! दोरा उत्तरेकडे सरकला!

पट्टीच्या रेघेचा मधला बिंदू पडतो सिरियाच्या आसपास. आणि दोऱ्याचा? तो पडतो जॉर्जिया आणि आर्मेनिया या दोन देशांच्या सीमेजवळ. केवढा तरी वर! आणि जवळची वाट कुठली, तर दोऱ्याची. गोल पृथ्वीवर जवळची वाट हवी असेल तर पट्टी नाही, दोराच लागतो. आपले 7,200 किलोमीटर म्हणजे त्या दोऱ्याची लांबी.

खरं विमान काही अगदी दोऱ्यावरून जात नाही. कधी वाटेत वादळ असतं. कधी एखादा देश म्हणतो, आमच्या आकाशातून जायचं नाही! 2019 साली फेब्रुवारीच्या शेवटापासून जुलैपर्यंत पाकिस्तानने आपलं आकाश असंच बंद ठेवलं होतं. मग काय, विमानं वळसा घालून गेली. घाटात दरड कोसळल्यावर आपली एस.टी. दुसऱ्या रस्त्याने जाते ना, तसंच.

आता वेळेकडे वळू. इथे पहिला धक्का!

पाटणला विमानतळ नाही. प्रवासी विमानाने जायचं तर जवळचा म्हणजे कोल्हापूरचा, उजळाईवाडीचा. कोल्हापूर ते मुंबई हे कावळ्याचं अंतर साधारण 300 किलोमीटर. जेट विमान ताशी 800 किलोमीटरने उडतं असं धरलं तर किती वेळ लागावा? करा भागाकार. साडेबावीस मिनिटं!

पण वेळापत्रकात बघाल तर सुमारे एक तास लिहिलेला असतो. का बरं?

कारण विमान निघालं म्हणजे उडालं असं नाही! आधी ते जमिनीवर हळूहळू धावपट्टीपर्यंत चालत जातं. मग उडतं, मग वर वर चढतं. पूर्ण वेग येतो न येतो तोच उतरायची तयारी सुरू! आणि मुंबईला तर विमानांची रांग लागलेली असते. त्यात आणखी एक. मुंबईची मोठी धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. समुद्रावरून वारा येत असला की विमानं पूर्वेकडून, म्हणजे ठाण्याच्या बाजूने येऊन उतरतात. कोल्हापूरचं विमान येतं दक्षिणेकडून. म्हणजे त्याला घ्यावा लागतो वळसा. तिकिटावरच्या वेळेत हे सगळं धरलेलं असतं, चालणं, चढणं, रांग, वळसा, सगळं!

पण ही रांग आणि हे चढणं जाताना असतं तसं येतानाही असतं. त्याने आपला हरवलेला तास काही सापडत नाही.

आता मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडेल, "मला माहितीये! पृथ्वी फिरते म्हणून!"

छान! बोला, पुढे बोला. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. विमान मुंबईहून उडून हवेत गेलं की खाली पृथ्वी फिरतच राहणार. म्हणजे लंडन आपणहून विमानाकडे येणार!

वा! पण मग जायला वेळ कमी लागायला हवा होता. इथे तर उलटं आहे. जायलाच जास्त लागतो!

गडबड कुठे झाली? त्यासाठी एस.टी.त बसू. पाटण-कराड गाडी भरधाव चालली आहे. तुम्ही मधल्या मोकळ्या जागेत उभे आहात. मारा एक उडी, जागच्या जागी! (कंडक्टरकाका ओरडतील, ते वेगळं.) तुम्ही हवेत असताना गाडी पुढे निघून गेली आणि तुम्ही मागच्या काचेवर जाऊन आपटलात, असं झालं का? नाही. जिथे होता तिथेच पडलात. कारण गाडीबरोबर तुम्हीही चालला होता आणि गाडीतली हवाही.

पृथ्वीही आपली हवा बरोबर घेऊनच फिरते. विमान हवेत गेलं तरी ते पृथ्वीच्या गाडीतच आहे. म्हणून लंडन काही आपणहून जवळ येत नाही.

दुसरं कुणीतरी म्हणेल, "घड्याळामुळे असेल!" तेही बघू. हिवाळ्यात लंडनचं घड्याळ आपल्या साडेपाच तास मागे असतं. तुम्ही मुंबईहून दुपारी दोनला उडालात. दहा तासांनी लंडनला उतरलात. तिथल्या घड्याळात किती वाजले असतील? संध्याकाळचे साडेसहा! म्हणजे घड्याळ म्हणतंय, साडेचार तासच लागले! आणि येताना? रात्री नऊला लंडनहून निघालात, नऊ तासांनी मुंबईला उतरलात. इथे वाजलेत सकाळचे साडेअकरा. घड्याळ म्हणतंय, साडेचौदा तास लागले!

आहे की नाही लबाड? घड्याळ तर अगदी उलटं सांगतंय. पोटाला विचारा, ते खरं सांगेल. तेव्हा घड्याळालाही सोडून देऊ.

मग चोर कोण?

चोर बघायचा तर पाटणहून फार लांब जायला नको. पावसाळ्यात सडावाघापूरच्या पठारावर चला! पवनचक्क्या दिसायला लागल्या की समजा, आलं. छत्री मात्र आणू नका. उलटी होऊन तिचं फूल होईल!

पठारावरचं पाणी वाहत वाहत कड्याच्या टोकाला येतं. आता ते खाली पडणार. पडलं, पडलं... अरे! हे काय? पाणी वर आलं! कड्यावरून खाली उडी मारलेलं पाणी तुषार होऊन परत पठारावर येतं आणि तुमच्याच तोंडावर उडतं. हाच तो उलटा धबधबा. तुमच्यापैकी कितीतरी जण यात भिजून आले असतील!

हे करतो कोण? वारा. पश्चिमेकडून सुसाट येतो, कड्याच्या भिंतीवर आदळतो. पुढे जायला जागा नाही, म्हणून भिंतीला धरून वर उसळतो. आणि वर जाता जाता पडणाऱ्या पाण्यालाही उचलून घेऊन जातो.

पाण्याला जो उलटं पळवतो, तो विमानाला सोडेल?

आपला तास खाणारा चोर म्हणजे वारा!

आता गाडीत परत चढा. कंडक्टरकाकांकडे बघा. गाडी ताशी 40 किलोमीटरने चालली आहे. काका मागून पुढे ताशी 4 किलोमीटरने चालत येताहेत. रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या हिशोबाने काकांचा वेग किती? 40 अधिक 4, म्हणजे 44! आता काका पुढून मागे निघाले. वेग? 40 वजा 4, म्हणजे 36. काका पळाले का? नाही. दमले का? नाही. त्यांची चाल तीच. गाडी बरोबर नेते की उलट नेते, एवढाच फरक.

विमान म्हणजे कंडक्टरकाका आणि हवा म्हणजे गाडी! विमानाला जमिनीचं काही देणंघेणं नसतं. ते हवेतून चालतं. हवाच पळत असेल तर तीही त्याला घेऊन पळते.

करा हिशोब. समजा विमान हवेतून ताशी 900 किलोमीटरने चाललंय. वारा नसता तर 7,200 किलोमीटरला लागले असते 8 तास. आता समजा ताशी 100 किलोमीटरचा वारा पश्चिमेकडून येतोय. लंडन पश्चिमेला. जाताना वारा समोरून! वेग उरला 800. वेळ? 9 तास. येताना वारा पाठीमागून! वेग झाला 1,000. वेळ? 7 तास 12 मिनिटं.

आणि आता नीट बघा हं. मला हा हिशोब फार आवडतो. वाऱ्याने जाताना जेवढं अडवलं तेवढंच येताना ढकललं. मग फिट्टंफाट व्हायला हवी ना? वारा नसता तर जाऊन येऊन 16 तास. वारा असताना 9 तास अधिक 7 तास 12 मिनिटं. किती झाले? 16 तास 12 मिनिटं! बारा मिनिटं जास्तच! वाऱ्याने एक तास घेतला आणि परत दिली फक्त 48 मिनिटं. का? कारण समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकलं. अडवायला वाऱ्याला पूर्ण नऊ तास मिळाले, ढकलायला सातच!

"पण वर रोज पश्चिमेचाच वारा असतो का?"

भारी प्रश्न! मोठी विमानं दहा ते बारा किलोमीटर उंचीवर उडतात. एव्हरेस्टसुद्धा नऊ किलोमीटरपेक्षा कमीच भरतो! भारताच्या उत्तरेकडून युरोपपर्यंत, एवढ्या उंचीवर, वाऱ्याच्या अक्षरशः नद्या वाहतात. लांबच लांब, नागमोडी, आणि पश्चिमेकडून पूर्वेकडे. यांना जेट स्ट्रीम म्हणतात. वेग कधी ताशी 150, कधी 200 आणि कधी 300 किलोमीटरच्याही वर! हिवाळ्यात ही नदी थेट एव्हरेस्टच्या माथ्यावरून वाहते. म्हणून तर गिर्यारोहक मे महिन्याची वाट बघत बसतात. तेव्हा ती उत्तरेला सरकते आणि शिखरावर उभं तरी राहता येतं.

आणि ती पूर्वेकडेच का पळते, माहितीये? आता मागच्या बाकावरच्या त्या दोस्ताला पुढे बोलवा. कारण इथे खरंच पृथ्वीचं फिरणं येतं!

तुम्ही आत्ता शांत बसून हे वाचताय ना? तुम्ही शांत नाही! पृथ्वीबरोबर पाटण ताशी सुमारे 1,590 किलोमीटरने पूर्वेकडे पळतंय. विषुववृत्तावरची गावं आणखी जोरात, ताशी 1,670 ने. आणि लंडन? फक्त 1,040 च्या आसपास. कारण वर जाल तसा पृथ्वीचा घेर लहान होत जातो.

आता विषुववृत्तावरची गरम हवा वर चढली आणि उत्तरेकडे निघाली. तिच्या अंगात तिथला वेग आहे. खालची जमीन मात्र हळूहळू मंदावत चालली. मग? ड्रायव्हरकाकांनी करकचून ब्रेक मारला की आपण पुढे कलंडतो ना? तसंच! जमीन मंदावते आणि हवा पुढे, म्हणजे पूर्वेकडे निसटते. झाला पश्चिमेचा वारा!

या वाऱ्याचा शोध कसा लागला, त्याचीही गंमतच आहे. सुमारे शंभर वर्षांपूर्वी जपानमध्ये वासाबुरो ओइशी नावाचे शास्त्रज्ञ होते. ते फुगे सोडायचे! हो, फुगे! फुगा वर जायचा आणि हे दुर्बिणीतून बघत बसायचे, कुठे चाललाय, किती जोरात चाललाय. फुगे वर गेले की वेड्यासारखे पूर्वेकडे पळायचे. ओइशींनी सगळं नीट लिहून काढलं. 1926 साली छापलं. जगातल्या सगळ्यांना वाचता यावं म्हणून कुठल्या भाषेत छापलं? एस्परांतो भाषेत! ही भाषा मुद्दाम साऱ्या जगासाठी बनवलेली. अडचण एकच, ती वाचता येणारे लोक फारच थोडे! मग कुणी वाचलंच नाही म्हणा ना. पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची विमानं जपानवर उंच उडायला लागली आणि या वाऱ्यात सापडली, तेव्हा कुठे त्यांचे वैमानिक चक्रावले.

आपल्या पाटणच्या डोक्यावर तर आणखी मोठी जादू आहे. पावसाळ्यात सडावाघापूरला वारा पश्चिमेकडून येतो, हे आपण बघितलं. तिथेच उभं राहून सरळ वर बघा. ढगांच्याही वर, चौदा-पंधरा किलोमीटर उंचीवर, त्याच वेळी वारा वाहत असतो पूर्वेकडून पश्चिमेकडे! खालचा वारा इकडे, वरचा तिकडे. एकाच गावावर दोन उलट्या नद्या! पावसाळ्यातला हा उलटा जेट वारा समजावून सांगण्यात एका भारतीय शास्त्रज्ञाचं नाव मोठं आहे. पंचेती कोटेश्वरम. 1958 साली त्यांनी यावर गाजलेला शोधनिबंध लिहिला. लंडनची बहुतेक वाट मात्र या वाऱ्याच्या बरीच उत्तरेला आहे. तिथे राज्य पश्चिमेच्या वाऱ्याचंच. हिवाळ्यात तर त्याला जास्तच चेव येतो.

वैमानिक काय नुसते मार खात बसतात? छे! उडण्याआधीच वरच्या वाऱ्याचा नकाशा त्यांच्यापुढे येतो. जाताना ही नदी चुकवायची, येताना तिच्यात उडी मारायची! युरोप आणि अमेरिकेच्या मधल्या समुद्रावर तर विमानांच्या वाटा रोज नव्याने आखतात. काल जिथून गेलं तिथून आज जाईलच असं नाही. लांबची वाट कधी कधी लवकर पोचवते!

2020 च्या फेब्रुवारीत असंच एक जंबो जेट न्यूयॉर्कहून लंडनला निघालं. त्या दिवशी वादळामुळे जेट वारा पिसाळला होता. विमान बरोबर त्यात शिरलं. एरवी सहा-साडेसहा तासांचा प्रवास. ते पोचलं 4 तास 56 मिनिटांत! जमिनीच्या हिशोबाने त्याचा वेग एका क्षणी ताशी 1,327 किलोमीटर झाला होता. जमिनीजवळ आवाजाचा वेग असतो ताशी सुमारे 1,225. म्हणजे विमान आवाजाच्याही पुढे गेलं? मोठ्ठा धडाम आवाज झाला?

काही नाही झालं! कारण विमान हवेतून नेहमीच्याच चालीने चाललं होतं. आठवा, कंडक्टरकाका चालतच होते. पळत होती ती गाडी!

आता तुमची पाळी. मुंबईहून जपानला, टोकियोला जायचंय. जपान आपल्या पूर्वेला. जास्त वेळ जाताना लागेल की येताना?

जमलं? मग हे घ्या अवघड. मुंबईहून दिल्ली, म्हणजे जवळपास उत्तरेला. पश्चिमेचा वारा आता ना समोरून, ना पाठीमागून. तो येतो बाजूने! विमानाला कडेला ढकलत नेतो. सरळ दिल्लीकडे नाक धरलं तर विमान भलतीकडेच पोचेल. मग वैमानिक काय करतो? नाक थोडं डावीकडे, वाऱ्याच्या अंगाला वळवतो. विमानाचं तोंड एकीकडे आणि वाट दुसरीकडे! खेकड्यासारखं तिरकं तिरकं चालत ते बरोब्बर दिल्लीला पोचतं, आणि आत बसलेल्यांना पत्ताही नसतो.

जाताना नाक डावीकडे. मग सांगा बघू, दिल्लीहून परत येताना कुठल्या बाजूला?